पॅरिशची पहिली मुलगी

माझ्या काकांनी आयुष्यात दोनच कामं मनापासून केली. चौतीस वर्षं पॅरिशच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, ऑफिसात बसून लोकांना ताटकळत ठेवलं, आणि निवृत्त झाल्यावर पॅरिशचा इतिहास लिहिला. पहिल्या कामाने गावातल्या झाडून सगळ्यांना थोडा थोडा त्रास झाला. दुसऱ्याने एकाच बाईला झाला, पण तिच्यावर डोक्यावरचं छप्पर जायची वेळ आली.

ऑफिस म्हणजे चर्चच्या भिंतीला टेकून काढलेली एक खोली. आत लोखंडी कपाट, कपाटात बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या आणि मृत्यूच्या नोंदवह्या. खिडकीला जाळी, जाळीत तळहाताएवढं भोक. दाखला हवा असला की माणसाने कमरेत वाकून भोकाशी तोंड न्यायचं आणि आपलं नाव, बापाचं नाव, जन्मसाल सांगायचं. काका केव्हा उठतील आणि कपाट केव्हा उघडतील हे त्यांच्या चहावर अवलंबून असे. खिडकी जरा उंच करून घ्या, असं एका फादरांनी सुचवलं होतं. लोक देवाच्या दारात थोडे वाकले तर बिघडत नाही, असं काकांनी त्यांना सुनावलं. फादर बदलून गेले आणि खिडकी होती तिथेच राहिली.

वह्या त्यांना तोंडपाठ होत्या. नवराबायको पोराचा दाखला न्यायला आले की काका लग्नाची तारीख काढत, बाप्तिस्म्याची तारीख काढत आणि मधले महिने बोटांवर मोजत. मोजून झालं की काही बोलत नसत, नुसतं हसत. आपल्याला गावात मान आहे असं त्यांना वाटे. गाव त्यांना वचकून होतं. हा फरक त्यांच्या कधी लक्षात आला नाही, आणि आणून देण्याची हिंमत आमच्या घरात कुणाकडे नव्हती. माझ्याकडे तर नव्हतीच.

आता त्या बाईविषयी. चर्चच्या मनोऱ्याखाली एक खोली आहे. तिच्या छताला भोक पाडलंय आणि त्यातून घंटेचा दोर खाली येतो. खाट, स्टोव्ह, दोन खुर्च्या, पत्र्याची ट्रंक, आणि मधोमध हा दोर. त्या खोलीत घंटेवाली राहते. सकाळ, दुपार, संध्याकाळ घंटा देते, कुणी गेलं की सावकाश ठोके देते, चर्च झाडते, मेणबत्त्यांचं सांडलेलं मेण चाकूने खरवडून काढते. आधी हे काम तिचा नवरा करायचा. तो गेला त्या दिवशीही दुपारची घंटा वेळेवर झाली, आणि तेव्हापासून दोर तिच्याकडे आहे. दर महिन्याला ती तेलाचा डबा घेऊन वर चढते. कुठे निघालात विचारलं की म्हणते, "बाईंना तेल घालून येते." घंटेला बाई म्हणायची रीत तिला सासूकडून मिळाली.

ही घंटेवाली तान्ही असताना चर्चच्या पायरीवर सापडली होती. बाप्तिस्म्याच्या वहीत तिच्या ओळीत आईचा रकाना कोरा आहे आणि बापाचाही. लग्नाच्या वेळी ती दाखला मागायला गेली, तेव्हा काकांना नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. मागे सात-आठ माणसं उभी होती. काकांनी वही उघडली आणि मोठ्याने वाचलं, "आई, कोरं. बाप, कोरं." मग दाखल्यावर दोन्ही ठिकाणी आडव्या रेघा मारल्या, पट्टी लावून. हे मला माझ्या आईने सांगितलं. रांगेत तीही होती. त्यानंतर सदतीस वर्षांत काकांनी त्या बाईला नावाने हाक मारल्याचं कुणी ऐकलं नाही. घंटेवाली, नाहीतर नुसतं "अगं ए".

पॅरिशला सव्वाशे वर्षं होणार होती. समिती नेमली गेली, समितीने स्मरणिका काढायचं ठरवलं, आणि इतिहास कोण लिहिणार हा प्रश्न आलाच नाही. कपाटाची किल्ली निवृत्तीनंतरही काकांनी दिलेली नव्हती. माझं टायपिंगचं दुकान आहे, त्यामुळे टायपिंग कोण करणार हा प्रश्नही आला नाही. पुतणीला विचारायचं काय. रोज संध्याकाळी काका चार-पाच पानं घेऊन येत, माझ्या खुर्चीमागे उभे राहत आणि ऱ्हस्व-दीर्घ तपासत. लाल पेन खिशालाच असे.

पहिल्याच आठवड्यात ते नाचतच दुकानात आले. शब्दशः नाही, गुडघे कधीचेच गेले होते, पण चेहरा नाचत होता. सगळ्यांत जुन्या वहीत, पहिल्या पानावर, पहिल्या ओळीत त्यांना एक मुलगी सापडली होती. पॅरिशचा पहिलावहिला बाप्तिस्मा. आणि धर्मपिता कोण, तर काकांचे सख्खे पणजोबा. धर्ममाता पणजी. नोंद लॅटिनमधली. काकांचं लॅटिन म्हणजे लहानपणी रविवारच्या मिस्सेत पाठ केलेल्या प्रार्थना आणि एक फाटका शब्दकोश, पण आत्मविश्वास दांडगा.

त्या ओळीत मुलीचं नाव होतं. आईबापांचे रकाने कोरे होते. आडनावाच्या जागी 'कॅम्प.' असं लिहून पुढे टिंब होतं, आणि त्यापुढे २१२ हा आकडा. शेऱ्याच्या रकान्यात, काकांच्या भाषांतराप्रमाणे, "मनोऱ्यात राहते. आवाज नदीपलीकडे ऐकू जातो." खाली वेगळ्या शाईत, चौदा वर्षांनंतरची तारीख घालून, "आवाज फाटला. शहरात पाठवली. सात महिन्यांनी परत. आवाज पहिल्यापेक्षा बरा."

यावर काकांनी एकतीस पानं लिहिली. कॅम्प म्हणजे सैन्याची छावणी, २१२ हा तंबूचा क्रमांक. तंबूत पोरकी झालेली ही मुलगी पणजोबांनी पदरात घेतली, तेव्हा ती आमच्याच घरातली, म्हणजे काकांची आत्याआजी. मनोऱ्याखालच्या खोलीत तिने व्रतस्थ आयुष्य काढलं. गळा असा की पलीकडच्या काठावरचे लोक काम थांबवून ऐकत. पुढे घशाचा आजार, शहरातले उपचार, आणि देवाच्या कृपेने आवाज परत. मृत्यूच्या वहीत तिची नोंद नव्हती. त्यावरून ती निनावी राहून कुठल्या तरी मठात विलीन झाली असावी, असं काकांनी लिहिलं, आणि 'असावी' पुढच्याच पानावर 'झाली' झालं.

टाइप करता करता मी विचारलं, आईबापांचे रकाने कोरे का असतील. काका म्हणाले, "थोर माणसांची सुरुवात अशीच असते. कोऱ्या रकान्यालाही एक तेज असतं." चौतीस वर्षं ज्यांनी कोऱ्या रकान्यावर पट्टी लावून रेघा मारल्या, ते हे बोलत होते. मी मनात म्हटलं, घंटा! शब्द जरा असभ्य आहे, मान्य. पण पुढे जे निघालं ते पाहता काकांच्या इतिहासावर इतका नेमका अभिप्राय दुसऱ्या कुणी दिला नाही.

इथपर्यंत सगळी गंमत होती. मग काकांनी समितीत ठराव मांडला की आत्याआजी जिथे राहिल्या ती खोली म्हणजे पॅरिशचा ठेवा, तिथे स्मृतिदालन व्हावं. दारावर संगमरवरी पाटी, आत तैलचित्र. घंटा बटणावर वाजवायची सोय आता निघालीच आहे, तेव्हा दोराची गरज नाही आणि दोर ओढणारीचीही नाही. समितीतल्या लोकांना संगमरवर म्हटलं की हात वर करायची सवय आहे. ठराव एकमताने पास झाला. बिशप येण्याच्या आधीच्या शनिवारपर्यंत घंटेवालीने खोली रिकामी करायची होती. कुठे जायचं, हे ठरावात नव्हतं. आडून कुणी विचारलं तेव्हा फादर म्हणाले की देव कुणाला उघड्यावर टाकत नाही. तिला ज्या पायरीवर टाकलं होतं ती त्यांच्या दारापासून वीस पावलांवर आहे.

चित्र गावातल्या पाट्या रंगवणाऱ्याने काढलं. काकांनी त्याच्यासमोर स्वतः बसून नाक काढून घेतलं.

आणि बाराव्या पानावर एक वाक्य होतं. "आज ही पवित्र खोली रिकामी आहे." काका म्हणाले, पुस्तक हातात पडेल तेव्हा ते खरंच असेल, आतापासूनच तसं लिहिलेलं बरं. त्या दिवशी सकाळीच मी त्या खोलीत बसून चहा प्यायले होते. तरी मी ते वाक्य टाइप केलं. काकांची मी मनातल्या मनात कितीही टिंगल करत असले तरी बोटं माझीच होती.

मुखपृष्ठाला घंटेचा फोटो हवा होता. काकांना पायऱ्या जमेनात, म्हणून मला पाठवलं. मी आणि घंटेवाली अठ्ठावन्न पायऱ्या चढून गेलो. मला धाप लागली होती, ती डब्यातलं तेल न सांडता पुढे. वर गेल्यावर तिने पदराने घंटेची कड पुसली आणि म्हणाली, इथून घ्या फोटो, अक्षरं नीट येतील. कडेवर गोल फिरवून अक्षरं ओतलेली होती. मी फिरत फिरत वाचली. एका मुलीचं नाव. मग साल. मग २१२.

मी तिथल्या धुळीतच खाली बसले. हसू आवरेना, आणि ते चांगलं हसू नव्हतं. नवी घंटा चढवायच्या आधी तिला पाणी शिंपडून आशीर्वाद देतात, नाव ठेवतात, धर्ममाता-धर्मपिता नेमतात. लोक त्याला घंटेचा बाप्तिस्माच म्हणतात. पहिले फादर हौशी असणार. नव्या कोऱ्या वहीत लिहायला अजून एकही मूल नव्हतं, म्हणून त्यांनी घंटेला लिहिलं. पुढे तिला तडा गेला आणि शहरात नेऊन पुन्हा ओतून आणली, तेही तिथेच लिहिलं गेलं. मनोऱ्यात राहते. आवाज नदीपलीकडे ऐकू जातो.

घंटेवालीला मी विचारलं, हे नाव तुम्हाला माहीत होतं का.

"दर महिन्याला पुसते की, ताई."

"आणि काकांच्या पुस्तकातलं नाव?"

"ते पण ऐकलं. एका नावाच्या दोघी असतील म्हटलं. आपल्याला कोण विचारतंय?" ती बिजागरीत तेल सोडत होती. मग हात न थांबवता म्हणाली, "बटणाला तेल घालायला कुणी येईल का हो वर? बाई कोरड्या पडल्या की रडक्या वाजतात."

 खाली आलो तेव्हा मला दिसलं की ट्रंक दोरीने बांधून तयार होती.

मी तशीच काकांकडे गेले. ते जेवत होते. सगळं सांगितलं, फोटो दाखवला. त्यांचा घास हातातच राहिला. क्षणभर मला वाटलं की हा माणूस आता खचणार, मला थोडं वाईटही वाटलं. व्यर्थ वाटलं. काकांनी घास तोंडात घातला, चावला, गिळला आणि म्हणाले, "म्हणजे घंटेला तिचं नाव दिलं. बघ, किती मोठी होती ती. हा तर पुरावाच मिळाला."

मी म्हटलं, काका, २१२ हे वजन आहे. किलो. ते म्हणाले की तंबूचा क्रमांक आठवण म्हणून कोरला असेल. मी म्हटलं, जन्मल्या जन्मल्या तिचा आवाज नदीपलीकडे कसा जाईल. ते म्हणाले की तुला श्रद्धा नाही. माणूस ऑफिसात बसून चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधतो तेव्हा स्वतःची चूक ओळखायचा अवयव त्याच्यात उरत नाही.

मग फादरांकडे गेले. फादरांनी सगळं ऐकून घेतलं, दार लोटून घेतलं आणि म्हणाले की बिशपांना निमंत्रण गेलंय, संगमरवर कोरून झालाय, आणि सत्य हे फार व्यापक असतं. मी घरी आले. पुढे काही केलं नाही. समितीपुढे उभी राहिले नाही, छापायचं थांबवलं नाही. पाचशे प्रती आल्या, पहिल्या पानावर लेखक म्हणून काकांचं नाव आणि शेवटच्या पानावर बारीक अक्षरात टायपिंगसाठी माझं.

रविवारी चर्च भरलं. घंटेवालीची ट्रंक शनिवारीच मेणबत्त्यांच्या कोठीत आणून ठेवली होती आणि ती तिथेच ट्रंकेवर झोपली होती. मिस्सा झाली. दाराशी काचेची पेटी मांडली होती, तिच्यात जुनी वही, पहिलं पान उघडून, कडेला लाल फीत. कल्पना काकांचीच. बिशप म्हातारे होते, जुन्या वळणाचे, लॅटिनवर जीव असलेले. फादर त्यांना घाईघाईने चहाकडे नेत होते, पण काकांना राहवलं नाही. त्यांनी पेटीचं झाकण उघडलं, बिशपांच्या हातात भिंग दिलं आणि माईक तोंडाशी धरून सांगितलं की महाराज, ही आमच्या घरची मुलगी.

बिशपांनी वाकून वाचलं. काकांच्या खिडकीशी लोक वाकायचे तितकंच वाकून. मग त्यांचा चेहरा खुलला.

"अहाहा," ते म्हणाले, आणि माईक तिथेच होता. "घंटेचा बाप्तिस्मा! काम्पाना, म्हणजे घंटा. आणि हे वजन. मनोऱ्यात राहते, आवाज नदीपलीकडे... काय गोड माणूस असेल हा फादर." त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमचे पणजोबा घंटेचे धर्मपिता. वा. पण आमच्या घरची मुलगी म्हणालात, ती कुठे?"

कुणी तरी मागून फिसकन हसलं. मग बाकांबाकांतून हसू पुढे येत गेलं. चौतीस वर्षं जाळीच्या भोकाशी वाकलेली सगळी माणसं हसत होती, आणि मला त्यांचाही राग आला. काही आठवड्यांपूर्वी यातल्याच समितीवाल्यांनी त्या खोलीसाठी हात वर केले होते. तैलचित्र भिंतीवर होतं, आमचं नाक घेऊन.

बिशपांनी मग विचारलं की मनोऱ्याखालच्या खोलीत कोण राहतं. फादरांनी सांगितलं की ती रिकामी करून घेतलीय, स्मारकासाठी. कुणाच्या, असं बिशपांनी विचारलं. मग तेच म्हणाले, वर लटकलीय ती दिवसातून तीनदा स्वतःच बोलते, तिला स्मारक कशाला.  समितीने नंतर ठराव मागे घेतला नाही. तो 'पुढील विचारार्थ तहकूब' केला. चूक झाली म्हणायला या लोकांची जीभ वळत नाही. ट्रंक परत नेताना मी एका बाजूची कडी धरली, तेवढंच.

काका बाकावर एकटे बसले होते. चहाकडे गेलेल्या गर्दीतून घंटेवाली त्यांच्यापाशी आली. मी जवळ होते, म्हणून ऐकलं. "मनाला लावून घेऊ नका, साहेब," ती म्हणाली. "बाईंचे धर्मपिता तुमचेच पणजोबा. म्हणजे नातं आहेच." तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर काकांना सोपं गेलं असतं. 

तीन दिवसांनी ते दुकानात आले. प्रती वाटून झाल्या होत्या, पण घरोघरी पाठवायला शुद्धिपत्र हवं होतं. मला वाटलं, निदान आता दोन ओळींत माफी असेल. कागदावर त्यांच्या वळणदार अक्षरात एवढंच होतं: "पृष्ठ ९ ते ३९: 'आत्याआजी' ऐवजी सर्वत्र 'घंटा' वाचावे." त्याप्रमाणे वाचलं तर घंटा स्वभावाने अबोल होती, घंटेला गोड खाण्याची आवड नव्हती, आणि तारुण्यात घंटेला चांगली स्थळं सांगून आली होती. मी ते टाइप केलं.

मग त्यांना न विचारता खाली एक ओळ घातली. "पृष्ठ १२: 'आज ही पवित्र खोली रिकामी आहे' ऐवजी", आणि पुढे घंटेवालीचं पूर्ण नाव, आणि "या खोलीत राहतात" असे वाचावे. कागद काढून काकांच्या हातात दिला. आणि वय वर्षं सत्तेचाळीस असून त्यांच्याकडे न बघता की-बोर्ड पुसत बसले.

काकांनी ती ओळ वाचली. लाल पेन काढलं. मला वाटलं, खोडणार. त्यांनी फक्त तिच्या नावातला एक ऱ्हस्व दीर्घ केला. मी सगळ्या गावासारखं बोलण्यात येतं तसं लिहिलं होतं. वहीत दीर्घ आहे, आणि ते त्यांना पाठ होतं. कागद त्यांनी माझ्यापुढे सरकवला, टोपणात पेन घातलं, आणि किती वेळ लागेल ते विचारलं.